लिबसीडीआयओचं डिस्क ओळखणारं फंक्शन: काही महिने वापरल्यावर

जुन्या डिस्कच्या इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत असलेल्या फाइल) काढून ठेवायला मी सी मध्ये एक प्रोग्रॅम लिहिलाय. डिस्कवर नक्की काय आहे हे कळायला त्यात लिबसीडीआयओ या सीडी-डीव्हीडी वाचणाऱ्या लायब्ररीतलं 'सीडीआयओ गेस सीडी टाइप' हे फंक्शन वापरतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: ओळख पटली तर उत्तर खुशाल धरून चाला, 'अननोन' आलं तर मात्र अजिबात विसंबू नका.

फंक्शनला चार गोष्टी लागतात: उघडलेला ड्राइव्ह, सेशन (डिस्कवर एका वेळी लिहिलेला भाग) कुठून सुरू होतं तो सेक्टर, ट्रॅक नंबर आणि लेबल वगैरे भरून घ्यायला एक स्ट्रक्चर. परत येतो एकच आकडा. खालच्या 4 बिटांत फाइल सिस्टिम, वरच्या बिटांत फ्लॅग, म्हणजे जोलिएट, रॉक रिज (दोन्ही लांब नावं वगैरेंसाठी आयएसओला दिलेल्या जोडण्या), एक्सए (सीडीचा एक वेगळा सेक्टर-प्रकार), बूटेबल यांतलं काय आहे ते सांगणाऱ्या खुणा. साधं आयएसओ 9660 (डेटा सीडीची नेहमीची फाइल सिस्टिम) असेल तर 3 येतो, सोबत जोलिएट असेल तर 4099. त्यामुळे थेट 3 शी तुलना केली की चांगली धडधाकट डिस्क हुकते. आधी मास्क (खालचे 4 बिट तेवढे ठेवायचे), मग तुलना.

आतलं काम तसं सरळ आहे. ठरावीक सेक्टर वाचायचे आणि ठरावीक जागी ठरावीक अक्षरं आहेत का ते बघायचं. आयएसओसाठी 16 वा सेक्टर, म्हणजे 2048 बाइटच्या हिशेबाने 32768 व्या बाइटपासून. पहिला बाइट सोडला की 'सीडी001'. आयएसओच्या आधीचं जुनं हाय सिएरा असेल तर याच सेक्टरमध्ये, पण 9 बाइट सोडून, 'सीडीरॉम'. आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. 16 वा सेक्टर ओरखड्यामुळे वाचताच आला नाही, तरी उत्तर 'अननोन'. सेक्टर नीट वाचला पण खूण ओळखीची नाही, तरीही 'अननोन'. पहिल्या डिस्कला कापडाने पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायचं असतं, दुसरीची कच्ची इमेज काढून ठेवायची असते. दोन्हींना एकच शिक्का कसा चालेल? मी आता 'अननोन' आलं की तो सेक्टर स्वतः वाचून बघतो. चारच ओळी वाढल्या, पण त्या लायब्ररीत असायला हव्या होत्या.

ट्रॅक नंबरही डोळे झाकून 1 देऊ नका. गाण्यांच्या काही सीडींवर शेवटच्या सेशनमध्ये डेटा असतो, तिथे पहिला ट्रॅक दिलात तर 'ऑडिओ' सांगून फंक्शन मोकळं होतं. चूक त्याची नाही, विचारलं तेवढंच सांगतं. शेवटच्या सेशनचा सेक्टर आधी वेगळ्या कॉलने काढून तो द्यायचा, आणि ट्रॅक नंबर डेटाच्या ट्रॅकचा. मल्टिसेशन डिस्कलाही हेच लागू. सेक्टर म्हणून 0 दिलात तर पहिल्या सेशनचीच माहिती हाती येते.

आवडलेली गोष्ट म्हणजे बिन-क्यू आणि एनआरजी या प्रकारच्या इमेज फाइलवरही हाच कॉल चालतो, त्यामुळे ड्राइव्ह न जोडता सगळ्या चाचण्या होतात. स्ट्रक्चरमधलं लेबल वापरताना शेवटच्या स्पेस तेवढ्या कापा, नाहीतर फोल्डरची नावं विचित्र होतात; ते 32 अक्षरांचं असतं आणि उरलेली जागा स्पेसनेच भरलेली असते.

हातातली डिस्क सीडी आहे की डीव्हीडी-आर, एवढंच हवं असेल तर या वाटेला जाऊच नका. त्यासाठी 'सीडीआयओ गेट डिस्कमोड' आहे, एका ओळीत काम होतं. मी दोन्ही वापरतो: आधी डिस्कमोड, मग हे.