अकरा अधिक अकरा बरोबर एकतीस: जीपला दोन टर्बो बसवून घेतल्यावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मी आमच्या जीपच्या डिझेल इंजिनाला एकामागे एक असे दोन टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे) बसवून घेतले. शेडला पाटी नाही. मालक असलेल्या मेस्त्रींनी नाव लिहू नका म्हणून बजावलंय, कारण ओळखीतून येणारी कामंच त्यांच्याकडून उरकत नाहीत. उद्यमनगरात दोन-तीन लेथवाल्यांना ‘मोजून टर्बो बसवतात ते कुठं?’ एवढं विचारलं तरी बोट तिकडेच जाईल. मी पॉलिटेक्निकमध्ये थर्मल इंजिनिअरिंग शिकवते, त्यामुळे आकडे जरा जास्त येतील. ज्यांना फक्त पैशांशी मतलब आहे त्यांनी थेट शेवटाकडे जावं.

गाडी महिंद्रा एमएम ५४०. मूळचं प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन कधीच भंगारात गेलं. त्याच्या जागी बोलेरोचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन आलं, आणि त्याच्यावर टर्बो डीआय बोलेरोचा छोटा टर्बो. चार गिअरचा जुना गिअरबॉक्सही काढून नंतरच्या बोलेरोचा पाच गिअरचा टाकलाय. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद लागते. असल्या टर्बो चढवलेल्या इंजिनाला ती मिळेल या भ्रमात कुणी राहू नये. आमची जीप सार्वजनिक रस्त्यावर येत नाही. शेत, मित्राची पन्हाळ्याच्या पायथ्याची दगडखाण आणि खासगी जागेतल्या ऑफरोड स्पर्धा, एवढंच तिचं जग. जायचं असेल तिथं ट्रकवर चढून जाते.

आता दोन टर्बो कशाला? हे इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांना संपतं. छोटा टर्बो १४०० पासून जागा होतो, पण त्याच्याकडून तीस पौंड (चौरस इंचाला) दाबाची हवा मागितली तर त्याचा दांडा झेपेल त्यापलीकडे फिरतो (छोट्या टर्बोंचे फेरे तसेही मिनिटाला दोन लाखांच्या घरात जातात), आणि तो हवा दाबण्यापेक्षा तापवण्याचंच काम जास्त करतो. मोठा एकटा बसवला तर तो २५०० नंतर उठणार, म्हणजे इंजिनाची हद्द संपत आली तेव्हा. म्हणून मोठा बाहेरची हवा ओढून थोडी दाबतो आणि छोट्याच्या तोंडाशी देतो, छोटा ती आणखी दाबतो. सायलेन्सरच्या बाजूला उलटा क्रम: गरम वायू आधी छोट्यातून जातो, मग मोठ्यातून.

इथं बहुतेकांची बेरीज फसते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं हवेचा दाब साधारण ०.९५ बार. मोठ्याने तो १.८ पट केला की १.७१ बार होतो, पण मीटर बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त तेवढंच दाखवतो, म्हणून काटा ११ पौंडांवर. छोट्याने पुन्हा १.८ पट केला की ३.०८ बार, म्हणजे मीटरवर ३१. अकरात अकरा मिळवले तर बावीस व्हायला हवेत. दाब गुणले जातात म्हणून एकतीस. दर वर्षी हे फळ्यावर लिहिते आणि अर्धा वर्ग माझ्याकडे संशयाने बघतो. आता त्यांना डॅशबोर्डचा फोटो दाखवते. प्रत्यक्षात काटा २९ वर थांबतो, कारण इंटरकूलरमध्ये, म्हणजे दाबून तापलेली हवा निववणाऱ्या जाळीत, दोनेक पौंड जातात.

ही काही उद्यमनगरची नवी कल्पना नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखींनी टर्बोच्या मूळ कल्पनेचं पेटंट १९०५ सालीच घेतलं. मोटारीत दोन टप्प्यांचा टर्बो कारखान्यातून आला तो २००४ च्या बीएमडब्ल्यू ५३५डी मध्ये. २००८ सालचं मर्सिडीजचं २१४३ सीसीचं ओएम ६५१ त्याच घराण्यातलं, २०४ हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन-मीटर. पण कारखान्याच्या इंजिनात कुठल्या क्षणी कुठली झडप उघडायची हे कॉम्प्युटर ठरवतो. आमच्याकडे ते स्प्रिंगने आणि मेस्त्रींच्या कानाने ठरतं.

मोठा टर्बो टाटाच्या ६९७ इंजिनाचा, म्हणजे १६१३ ट्रकवरचा, कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणला. अडीच लिटरच्या इंजिनाला ५.७ लिटरच्या ट्रकचा टर्बो ऐकून लोक हसतात. मी गणित मांडलं होतं: तिप्पट दाबाने, ३२०० फेऱ्यांना, इंटरकूलरनंतर ६५ अंशांची हवा धरली तर आमचं इंजिन मिनिटाला साडेअकरा किलोच्या आसपास हवा पितं. तो ट्रक भर वेगात जवळपास तेवढीच पितो. कागद मेस्त्रींसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, गणित तुमचं, पायपा माझ्या.” पुढचं काम याच वाटणीवर झालं.

आणि पायपांच्या बाबतीत हा माणूस खरोखर वरचा आहे. मॅनिफोल्ड (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणारा पाइप) आणि दोन टर्बोंमधला गरम पाइप त्यांनी साध्या पत्र्याच्या नळीत न करता जाड स्टीम पाइपच्या बेंडांत केला. वेल्डिंगला बोलावलेला माणूस साखर कारखान्यात बॉयलरचं काम करतो. त्याचे सांधे बघत राहावेत असे आहेत, मी वर्गात दाखवायला एक तुकडा मागून आणलाय. अडचण एकच. कारखान्याचं ओव्हरहॉलिंग गळीत बंद असताना चालतं, त्यामुळे तो मोकळा होतो बॉयलर पेटल्यावर. पावसाळ्यात काम दिलं तर दिवाळी होईपर्यंत जीप शेडमध्ये ताडपत्रीखाली. मेस्त्री हे आधी सांगत नाहीत. ‘बघूया की’ म्हणतात.

तेलाच्या परतीच्या नळीवर ते जितका वेळ घालवतात तितका मी कुठल्याच गॅरेजात पाहिला नाही. टर्बोत तेल पंपाच्या दाबाने जातं, पण परत येतं फक्त उताराने. नळी बारीक असली, कुठं मुरगळली किंवा इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या तेलाच्या पातळीखाली उघडली, की तेल तुंबतं आणि सीलमधून हवेत किंवा सायलेन्सरमध्ये जातं. मग निळा धूर, आणि सगळे म्हणणार टर्बो गेला. मोठा टर्बो वजनामुळे चेसिसजवळ खाली बसवायचा मोह होतो. मेस्त्रींनी आधी तसाच धरून बघितला, मग जॅकने जीपचं नाक वर केलं आणि खाली वाकून म्हणाले, “चढाला तेल सगळं मागं पळतंय, आन् आपलं भोक मागंच.” टर्बो चार इंच वर गेला आणि नळी चेंबरच्या पुढच्या बाजूला, वरच्या अंगाला सोडली. उताराला तेल पुढे येतं खरं, पण तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

मोजमापाचंही तसंच. बहुतेक ठिकाणी बूस्टचा, म्हणजे टर्बोने चढवलेल्या दाबाचा, एक मीटर लावून काम संपतं. इथं चार जागी मोजलं: दोन टर्बोंच्या मधला दाब, शेवटचा दाब, मॅनिफोल्डमधलं तापमान, आणि मॅनिफोल्डमधला दाब. हा शेवटचा कुणी मोजत नाही. त्यासाठी तांब्याची नळी वेटोळं करून मीटरपर्यंत आणली, म्हणजे वायू मीटरला पोचेपर्यंत निवतो. पहिल्या चाचणीत आत जाणाऱ्या हवेचा दाब २९ पौंड आणि बाहेर पडणाऱ्या धुराचा ४८. याचा अर्थ छोट्या टर्बोच्या टर्बाइनमध्ये गर्दी झालीय आणि पिस्टनला धूर बाहेर ढकलायलाच मेहनत पडतेय. टर्बोच्या अंगातलं वेस्टगेटचं (जास्तीचा वायू टर्बाइनला वगळून सोडणाऱ्या झडपेचं) भोक या कामाला अपुरं होतं. त्यांनी बाजूने वेगळा वेस्टगेट काढून जास्तीचा वायू थेट मोठ्याच्या तोंडी दिला. आकडा ३४ वर आला. एवढ्या फरकावर मी खूश आहे.

हेडचे बोल्ट काढून १२.९ ग्रेडचे स्टड टाकले, इंजिनाचा मूळ एअर क्लिनर काढून मोठा कोरडा फिल्टर लावला. यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

डिझेलबद्दल मात्र सांगायला हवं. इंजिनात डिझेल सोडणारा पंप बेंचवर लावून मात्रा वाढवली, पण हवेच्या मानाने बरीच आखडती. शिवाय बूस्ट आल्याशिवाय जास्त डिझेल सुटणार नाही अशी डबी पंपावर आहे, त्यामुळे कमी फेऱ्यांना काळा धूर जवळजवळ नाही. मी जरा आणखी सोडा म्हटलं तर उत्तर आलं, “हवा लई हाय, पर तेवढं डिझेल सोडलं तर क्रँक खाली पडंल.” बरोबर आहे त्यांचं. साठेक हॉर्सपॉवरसाठी ओतलेल्या इंजिनाकडून किती घ्यायचं याला हद्द असते. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी नेलेली नाही, म्हणून हॉर्सपॉवरचा आकडा मी देणार नाही. जो मीटरशिवाय देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

खाणीचा चढ, मागे खडीने अर्धी भरलेली ट्रॉली. एका टर्बोवर हा चढ दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत व्हायचा आणि मॅनिफोल्डचं तापमान ७२० च्या वर जायचं. ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा विचार केला तर ७०० च्या वर फार वेळ राहू नये असं मी धरते. आता तिसऱ्यात चढते आणि काटा ६४० ला थांबतो. हवा जास्त, म्हणून आच कमी. १६०० फेऱ्यांपासून ओढ एकसारखी लागते, मध्ये कुठं झटका नाही. मोठा टर्बो कधी कामाला लागला हे फक्त मधल्या मीटरवरून कळतं. आवाज मात्र सांगायलाच हवा: पाय सोडला की बॉनेटखालून ट्रकचा उसासा येतो. शेजारची पोरं त्यासाठीच येतात.

आता तक्रारी. दोन टर्बोंच्या मधल्या हवेच्या जोडाला शेडमध्ये साधा रेडिएटरचा रबरी होज लावला होता. ३० अंशांची हवा मोठ्यातून १०० च्या पुढे तापून बाहेर पडते, छोट्यातून निघताना २०० च्या आसपास. त्यात हा होज मॅनिफोल्डला खेटून. तो मऊ पडून फुगला, चढावर बूस्ट गेला. सिलिकॉनचा होज लावून दिला, पैसे घेतले नाहीत, पण इतकं मोजणाऱ्या माणसाकडून हे व्हायला नको होतं. स्टार्टर काढायचा तर आता मोठ्या टर्बोचा पाइप आधी सोडावा लागतो, म्हणजे दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस. बॉनेटखाली उष्णता इतकी की क्लचच्या पाइपाला मी स्वतः पत्र्याची आड केली. आणि हिशेब डायरीच्या पानावर, त्यात ‘किरकोळ’ नावाची एक ओळ आहे जी अजिबात किरकोळ नाही.

सगळे मिळून एक लाख ऐंशी हजार गेले. त्यात मोठा टर्बो चौदा, त्याचा नवीन कोअर (आतला फिरणारा भाग) नऊ, इंटरकूलर आणि होज मिळून बावीस, स्टड, पॅकिंग आणि पंपाचं काम चाळीसच्या पुढे. उरलेलं पाइपकाम, वेल्डिंग, वेस्टगेट आणि ती ‘किरकोळ’ ओळ.

मी पुन्हा करेन का? शेड तीच, पण दोन टर्बो नाहीत. जेवढं डिझेल आम्ही सोडतोय तेवढ्याला अठरा-वीस पौंड पुरतात, आणि तेवढे एकच नीट निवडलेला, छोट्याहून थोडा मोठा टर्बो आरामात देतो, निम्म्याहून कमी पैशांत आणि स्टार्टरही हाताशी ठेवून. दोन टर्बोंचा खरा उपयोग पंचविसाच्या वर, आणि तिथवर जायचं तर आधी खालचं इंजिन तेवढ्या ताकदीचं हवं. ट्रॅक्टर पुलिंगवाले किंवा ज्यांचं इंजिन मुळात दणकट आहे त्यांनी खुशाल करावं. बाकीच्यांनी मेस्त्रींकडे एकाच टर्बोचं काम घेऊन जावं आणि तेलाची नळी आणि ते चार मीटर मात्र याच पद्धतीने करून घ्यावेत.

जाताना डिझेल पंपाच्या कॅलिब्रेशनची चिठ्ठी सोबत ठेवा. नसेल तर ते गाडी शेडमध्ये घेत नाहीत, दारातूनच पंपवाल्याकडे पिटाळतात. वेल्डरचा मोकळा महिनाही पहिल्याच दिवशी विचारून घ्या, ‘बघूया की’वर माघारी येऊ नका.