टँकरचं पाणी की गावचा नाला?
२०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमधी, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्यानं शहराला खरंच आधार झाला, हे मान्यच. पण बाहेरचं पाणी त्या दिवसापुरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी घागर घेऊन टँकरची वाट बघायची.

आमच्याकडं मग लोकवर्गणी काढून नाल्यातला गाळ उपसला, गाळ काढायच्या यंत्राच्या डिझेलला पैसे कमी पडले तर बायकांनी बचत गटातून दिले (हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय), गाळ ज्याच्या त्याच्या शेतात गेला अन् पावसाळ्यात पाणी तिथंच थांबून मुरलं, शेजारच्या विहिरीत दोराला चार हात कमी लागायला लागले. पाऊसच नसंल तर टँकर लागणारच, पण मला विचाराल तर आधी नाला.