हत्यारांचा कमरपट्टा : मालवणच्या खाऱ्या हवेत दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली, तेव्हा पटाशी आणि हातोडीच्या शेजारी एक नवा कमरपट्टाही ठेवला होता. आता श्रावण लागला आहे. मालवण तालुक्यात मी सुतारकाम, कौलारू छपरांची दुरुस्ती आणि जोडीला थोडेफार वायरिंग करतो. चैत्र-वैशाखातील शाकारणीचा हंगाम आणि त्यानंतरचा पाऊस या पट्ट्याने माझ्याबरोबर पाहिला असल्यामुळे त्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

पट्टा जाड नायलॉनचा, सुमारे ५० मिलिमीटर रुंद आहे. त्यावर मागे-पुढे सरकवता येणाऱ्या दोन थैल्या, हातोडी अडकवण्यासाठी लोखंडी कडी, मोजपट्टीची चिमटी आणि पुढे प्लास्टिकचे बक्कल एवढे सामान आहे.

पहिल्या आठवड्यात माझी चूक झाली. जितके कप्पे होते, तितकी हत्यारे मी भरली. दोन हातोड्या, तीन पटाश्या, पक्कड, पाना, पाच-सहा स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी, ओळंबा आणि शिवाय मूठभर खिळे अशी सगळी भरती झाल्यावर पट्टा वाण्याच्या काट्यावर ठेवला, तर तो ६ किलो ४०० ग्रॅम भरला. संध्याकाळपर्यंत कंबर इतकी भरून येई की पट्टा खुंटीला लावून टाकावा असे वाटू लागले होते.

तो प्रश्न सुटला माझ्या चुलत्यांकडे पाहून. ते अजूनही माडावर चढतात. कमरेला दोरी, दोरीला मागच्या बाजूस आकडी आणि आकडीत कोयती, एवढाच त्यांचा सरंजाम असतो. कोकणातील शेतकरी पिढ्यानपिढ्या अशी आकडी बांधत आला आहे, पण ती नीट निरखावी असे मला कधी सुचले नव्हते. दोरी पोटावर नसते, कमरेच्या हाडावर टेकलेली असते. आणि त्या चढाईला जे लागत नाही ते खालीच राहते. मी विचारले, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, “झिला, हात मोकळे रवाक व्हये.” त्यानंतर मी सकाळी त्या दिवसाचे काम पाहून हत्यारे निवडू लागलो आणि बाकीची शिडीच्या पायथ्याशी बादलीत ठेवू लागलो. आता भरलेला पट्टा साधारण ३ किलो २०० ग्रॅमचा असतो. तो पँटच्या पट्ट्यावर नव्हे, त्याच्या किंचित खाली, कमरेच्या दोन्ही हाडांवर बसेल असा बांधतो आणि वाशावर ओणवे होताना पोटात रुतू नये म्हणून बक्कल डाव्या कुशीकडे सरकवतो.

आकडीची एक गोष्ट मात्र मी मुद्दाम घेतली नाही. कोयती पाठीमागे, मणक्याच्या रेषेत लटकते. पट्ट्यावर तिथे मी काहीही ठेवत नाही, कारण शिडीवरून पाठीवर पडण्याची वेळ आलीच, तर पक्कड किंवा पाना थेट मणक्यात बसेल. त्याच कारणाने मोटारसायकलवर पट्टा कधीही बांधून बसत नाही. तो पिशवीत जातो.

उजवी-डावी बाजू लावायला मला महिना लागला. खिळा डावा हात धरतो, म्हणून खिळे डाव्या थैलीत. हातोडी उजवा हात चालवतो, म्हणून ती उजव्या कमरेवर. विक्रेत्याने कडी अगदी बाजूला बसवून दिली होती आणि शिडी चढताना दांडा दर पायरीला मांडीवर आपटत असे. कडी चार बोटे मागे सरकवली, आणि आता हात न बघता तिथे जातो. पेन्सिल आणि मोजपट्टी दोन्ही बाजूंनी घेता यावी म्हणून ती पुढे ठेवली आहे.

थैल्यांच्या तोंडाविषयी माझी तक्रार आहे. त्या सपाट जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्यासाठी शिवलेल्या आहेत. कौलांच्या उतारावर गुडघे टेकून पुढे वाकलो की खिळे घरंगळत थेट पागोळीपर्यंत जात. शेवटी आईने जुन्या जीनच्या कापडाची, पानाच्या चंचीसारखी तोंडाला नाडी असलेली पिशवी शिवून दिली. ती थैलीच्या आत बसते आणि वर चढताना नाडी ओढून घेता येते. पटाशीने थैलीचा तळही दोनदा फाडला. त्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम करून चपटा केला आणि त्याचे म्यान करून आत घातले. आता धारही टिकते आणि शिवणही. थैलीच्या कडेला छोट्या बिटांसाठी एक चुंबकपट्टीही आहे, पण किनाऱ्याजवळच्या घरांत काम केले की काळ्या वाळूतील लोहयुक्त कणांची तिच्यावर दाट साय धरते, म्हणून ती मी काढून टाकली.

आता गंजाविषयी, कारण आमच्या भागात पट्ट्याचे आयुष्य कापडावर नव्हे, त्यातील धातूवर ठरते. जूनपर्यंत कडी आणि ती पट्ट्याला धरून ठेवणारे रिवेट, म्हणजे ठोकून चपटे केलेले धातूचे खिळे, ठणठणीत होते. जुलैत कडीच्या जस्ताच्या मुलाम्यावर पांढरी भुकटी आली आणि पंधरा दिवसांत खालचे लोखंड लाल झाले. पट्टा पावसात भिजला नव्हता, तरी असे का व्हावे, हे समजून घेतले तेव्हा कारण मिठात सापडले. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ स्वतःच पाणी ओढून घेऊन विरघळते. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता त्याहून जास्तच असते, म्हणून समुद्राच्या वाऱ्याने आणि आपल्या घामाने धातूवर बसलेले मीठ रात्री खुंटीवरही ओले राहते आणि गंजण्याचे काम चालूच राहते.

मी त्यावर घाईने चुकीचा उपाय केला. चर्मकाराकडून लोखंडी रिवेट काढून तांब्याचे बसवून घेतले, कारण तांबे गंजत नाही. रिवेट खरोखरच टिकले, पण त्यांना चिकटून असलेली लोखंडी कडी पूर्वीपेक्षा लवकर खाल्ली गेली. खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना भिडले की त्यांतील लोखंडासारखा लवकर गंजणारा धातू आणखी झपाट्याने झिजतो. शेवटी बंदराजवळ होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातून ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची कडी आणली आणि रिवेटही त्याच धातूचे घातले. साध्या ३०४ स्टीलवर आमच्याकडे चहासारखे तपकिरी डाग पडतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असल्यामुळे ते मिठाला जास्त तोंड देते. दर रविवारी पट्टा गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत उलटा टांगून वाळवतो. नायलॉनचे टाके आजही जसेच्या तसे आहेत. चामड्याचा पट्टा घेणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की माझ्या चामडी चाकूच्या म्यानावर याच पावसाळ्यात तीनदा बुरशी आली.

उंचीवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. साधारण ७०० ग्रॅमची हातोडी चार मीटरवरून निसटली, तर ती जमिनीपर्यंत ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने पोहोचते, आणि खाली कौले देणारा माणूस उभा असतो. म्हणून हातोडीच्या दांड्याला बळकट दोरी बांधून ती पट्ट्याच्या कड्याला अडकवतो. ड्रिल मशीनसारखे जड हत्यार मात्र पट्ट्याला बांधू नये, कारण ते पडले तर त्याचा हिसका माणसालाच खाली ओढेल; ते आढ्याला किंवा भक्कम वाशाला बांधावे. आणि हा पट्टा सुरक्षा पट्टा नाही. कमरेला पट्टा आहे म्हणून त्यालाच दोर लावून उतारावर जाणारी माणसे मी पाहिली आहेत. पडताना माणसाला धरण्यासाठी खांदे आणि मांड्यांभोवती बसणारा पूर्ण हार्नेसच लागतो.

बक्कलाची एक कळ मे महिन्याच्या उन्हात तडकली आहे. ती अजून धरते, पण दिवाळीच्या आधी बदलावी लागेल. एवढे सोडले तर हाच पट्टा मी पुन्हा घेईन. नवा घेणाऱ्यांनी दुकानात जाताना खिशात एक लहान चुंबक ठेवावा आणि प्रत्येक कडीला, रिवेटला तो लावून पाहावा. पितळी रंगाच्या रिवेटला तो चिकटला, तर वर फक्त मुलामा आहे आणि आत लोखंड आहे.