फोटोफ्रिन की तालापोर्फिन: माझा निर्णय उन्हावरून झाला

प्रकाश पडला की जागी होऊन कर्करोगाचा डाग मारणारी ही दोन औषधे. मी दोन्ही घेतली आहेत, दोन्ही टोकियोतच. 1998 साली उजव्या श्वासनलिकेत कर्करोगाचा पहिला डाग सापडला तेव्हा फोटोफ्रिन मिळाले. 2006 मध्ये डावीकडे दुसरा निघाला, तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले आणि मी तालापोर्फिन म्हटले. शस्त्रक्रिया झेपत असेल तर आधी तिचाच विचार व्हावा. सिगारेटने माझ्या फुफ्फुसांत तेवढी ताकद ठेवली नव्हती. डाग मात्र दोन्ही वेळा सेंटिमीटरहून लहान होते आणि श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीतून नीट दिसत होते, म्हणून प्रकाशाचा हा उपचार जमला.

शिरेतून औषध, मग दुर्बिणीतून लेझरचा लाल प्रकाश, अशी ही पद्धत, फोटोडायनॅमिक थेरपी. फोटोफ्रिननंतर प्रकाश देण्यासाठी दोन दिवस थांबलो होतो, तालापोर्फिनला चार तास पुरले. तालापोर्फिनचा 664 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश फोटोफ्रिनच्या 630 पेक्षा किंचित खोल जातो, पण वरवरच्या डागाला त्याने फार फरक पडत असेल असे मला वाटत नाही. नंतरचा खोकला आणि मेलेला भाग काढायला पुन्हा आत जाणारी दुर्बीण, दोन्हीकडे सारखीच. अनुभवाच्या बाबतीत फोटोफ्रिन थोरले: जपानमध्ये त्याला 1994 मध्ये मान्यता मिळाली, तालापोर्फिनला 2003 मध्ये. तेव्हा मला हे वजनदार वाटले होते, आजही वाटते.

तरी मला नको झाला तो फोटोफ्रिननंतरचा महिना. औषध कातडीत उरते, म्हणून तोवर उन्हापासून लपून राहायचे. चौथ्या आठवड्यात, आभाळ भरून आलेले पाहून, मी बाल्कनीत कपडे वाळत घातले. पंधरा मिनिटे फार तर. रात्री हातांचे पंजे लालभडक, सुजलेले, मिरची चोळल्यासारखी आग. सनस्क्रीन लावले होते, पण ते अतिनील किरण अडवते आणि हे औषध साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेच जागे होते. बरे, काळोखात बसूनही भागत नाही. घरातल्या मंद उजेडानेच कातडीतले औषध हळूहळू निकामी होते, म्हणून दिवा लावून, पडदे ओढून बसायचे. बायको बाहेरून आली की दार पटकन लावून घ्यायची. तिचाही तो महिना तसाच गेला.

तालापोर्फिनच्या वेळी हे सगळे दोन आठवड्यांत आटोपले. मग बोटे पाच मिनिटे उन्हात धरून पाहिली. लाली आली नाही, आणि त्याच दुपारी आम्ही दोघे नदीकाठी फिरायला गेलो.

प्रत्येकाची प्रकृती वेगळी, डॉक्टरांचे मत माझ्या मताआधी. पण दोन्ही मिळत असतील तर तालापोर्फिनबद्दल विचारून पाहा. फोटोफ्रिनच मिळत असेल तर नाकारू नका, माझा पहिला डाग त्यानेच गेला. फक्त इंजेक्शनच्या आधी घरी जाड पडदे लावून घ्या, आणि दवाखान्यातून निघायची वेळ सूर्य मावळल्यावरची ठरवा.