प्राथमिक शाळेसाठी सुरक्षा अधिकारी: जादा पैशांत नेमकं काय मिळतं?

सिक्युरिटी एजन्सीच्या दरपत्रकात हल्ली गार्ड, लेडी गार्ड आणि सुपरवायझर यांच्या खाली 'स्कूल सेफ्टी ऑफिसर' अशी चौथी ओळ दिसते. दर अर्थातच सगळ्यात चढा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढला. शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कंत्राटी कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी शाळेतली समिती) हे सगळं पक्कं करायला सांगितलं आणि मागणी वाढली. अनेक ठिकाणी गार्डलाच नवी टोपी घालून 'ऑफिसर' म्हणून उभं केलं जातं. जादा पैसे खऱ्या अर्थाने दोनच गोष्टींसाठी द्यावेत: माणूस तपासलेला असावा, आणि मुलांना व घरच्यांना त्याची रीतसर ओळख करून देण्याचं काम त्या सेवेत धरलेलं असावं. दुसरी गोष्ट बहुतेक करारांत नसतेच, म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग तिच्यावर आहे.

आधी कागद. खासगी एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याखालचा परवाना लागतो. केंद्राच्या नमुना नियमांनुसार गार्डचं प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर, किमान २० कामाच्या दिवसांत पसरलेलं असतं. माजी सैनिकाला ४० आणि १६ तास पुरतात. अभ्यासक्रमात आग, प्रथमोपचार, गर्दी आवरणं, ओळखपत्रं तपासणं सगळं आहे. सहा वर्षांच्या मुलाशी कसं बोलावं हा स्वतंत्र विषय मात्र नाही. त्यामुळे 'आमचा माणूस ट्रेन्ड आहे' हे एजन्सीचं म्हणणं खरं असलं तरी तुमच्या कामाला अपुरं आहे. मागायचे कागद असे: परवान्याची प्रत, त्या विशिष्ट माणसाचा पोलीस पडताळणी दाखला (एजन्सीच्या मालकाचा नव्हे), प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थेला कर्मचाऱ्यांची पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. पाच वर्षं जुना दाखला फाइलला लावून भागत नाही.

बिल नीट वाचा. इथे शाळांचे पैसे सर्रास जातात. बारावीपर्यंतच्या शाळेच्या आवारात दिलेल्या सुरक्षा सेवेवर जीएसटी माफ आहे, तरी १८ टक्के लावलेली बिलं येतात आणि लेखनिक ती मुकाट्याने मंजूर करतात. पीएफचा मालकाचा १२ टक्के आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) ३.२५ टक्के वाटा बिलात धरलेला असेल, तर त्या महिन्याचं पैसे भरल्याचं चलन आणि त्यात आपल्या माणसाचं नाव पाहूनच पैसे सोडा. पगार बुडतो तिथे माणूस टिकत नाही, आणि माणूस टिकला नाही की मुलांना करून दिलेली ओळख वाया जाते.

एजन्सीला पर्याय आहेत. १९८१ च्या राज्य कायद्याखालचं सुरक्षा रक्षक मंडळ नोंदणीकृत रक्षक देतं. शाळा पगार आणि लेव्ही (पगारावरचा ठरावीक आकार) मंडळाकडे भरते, मंडळ रक्षकाला देतं. पगाराच्या बाबतीत हा मार्ग उजवा. पण हाच माणूस किंवा हीच बाई हवी असा आग्रह धरायचा असेल, तर एजन्सीशी करार करताना तो धरता येतो. राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान शिस्तीचे, पण चार खोल्यांच्या बालवाडी-प्राथमिकसाठी तो घाट मोठा होतो. पोलीस दीदी, पोलीस काका हे पोलिसांनी शाळेत येऊन मुलांशी बोलण्याचे उपक्रम फुकट आहेत आणि 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा विषय त्या दीदी चांगला घेतात, जरूर बोलवा. मात्र त्या रोज फाटकावर नसतात. दोन्ही कामांची सरमिसळ करू नका.

आता मूळ मुद्दा, ओळख. नेहमीचा प्रकार असा की परिपाठाला चारशे मुलं मैदानात बसलेली, मुख्याध्यापिका माइकवर म्हणतात, 'हे आपले नवे सुरक्षा अधिकारी, यांचं सगळ्यांनी ऐकायचं.' टाळ्या, फोटो, संपलं. यातलं 'सगळ्यांनी ऐकायचं' हे वाक्य सगळ्यात घातक आहे. अनोळखी मोठ्या माणसाचं निमूट ऐकायचं हे आपणच मुलांच्या डोक्यात भरतो.

चांगली ओळख वर्गात होते. एका वेळी एक तुकडी, पहिली-दुसरीला १५ ते २० मिनिटं, तिसरी-चौथीला २५. वर्गशिक्षिका पूर्ण वेळ हजर. अधिकारी आपलं नाव सांगतो, ओळखपत्र मुलांच्या हातात देतो, फाटकाशी नेमका कुठे उभा असतो ते फळ्यावर काढून दाखवतो. मग तो काय करू शकतो: फाटक बंद ठेवणं, आलेल्या माणसाला नाव विचारणं, पडलेल्या मुलाला बाईंकडे पोहोचवणं, आगीची घंटा झाली की रस्ता दाखवणं. त्यानंतर तो काय कधीच करणार नाही, आणि हा भाग त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचा: 'मी तुम्हाला एकटं कुठल्या खोलीत बोलावणार नाही. खाऊ देणार नाही. फोटो काढणार नाही. बाथरूममध्ये येणार नाही. घरी सांगू नको असं कधी म्हणणार नाही. म्हटलं, तर लगेच बाईंना आणि घरी सांगायचं.' हे वर्गासमोर म्हणायला जो अधिकारी कुरकुरतो, तो परत पाठवावा. पहिलीला एवढं सगळं एकदम झेपत नाही; नाव, उभं राहायची जागा आणि 'घरी सांगू नको म्हटलं तर सांगायचंच' एवढ्या तीनच गोष्टी पुरेत. बाकीचं दोन आठवड्यांनी.

गणवेशावरही लक्ष हवं. पोलिसांसारखा दिसणारा पोशाख खासगी गार्डला कायद्यानेच वर्ज्य आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी खाकी शर्ट, खांद्यावर फीत असे अवतार दिसतात. मुलांना मग पोलीस आणि वॉचमन काका यांत फरक उरत नाही, आणि 'पोलीस पकडून नेईल' या घरच्या धमकीमुळे ती अडचण असतानाही त्याच्याकडे जात नाहीत. निळा किंवा राखाडी शर्ट आणि छातीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत नाव, एवढं पुरतं.

ओळख पोहोचली की नाही हे आठवड्याने तपासा. वर्गशिक्षिकेने चार-पाच मुलांना वेगवेगळं विचारायचं: 'मैदानात पडलास, बाई दिसत नाहीत, कोणाकडे जाशील?' आणि 'काका म्हणाले, चल माझ्याबरोबर स्टोअररूममध्ये, तर?' पहिल्याचं उत्तर जवळजवळ सगळ्यांना येतं. दुसऱ्याला मुलं गप्प बसली किंवा 'जाईन' म्हणाली, तर सत्र पुन्हा घ्या.

घरच्यांची ओळख शिक्षक-पालक सभेत उरकतात आणि तिथे गणित चुकतं. सभेला आई येते. न्यायला आजोबा, शेजारची ताई किंवा व्हॅनवाले काका येतात. अधिकाऱ्याची गाठ या माणसांशी पडायला हवी. म्हणून ओळखीची जागा शाळा सुटतानाचं फाटक, सलग तीन-चार दिवस, सकाळ-दुपार दोन्ही सत्रांना. त्याच वेळी प्रत्येक मुलाचं नेण्याचं कार्ड करा: मुलाचा फोटो, न्यायला येणाऱ्या जास्तीत जास्त तिघांची नावं आणि फोटो, दोन फोन नंबर. कार्ड नसलेला माणूस आला तर फोन शाळेने कार्डावरच्या नंबरला लावायचा. आलेल्याने स्वतःच्या मोबाइलवर 'घ्या, आईशी बोला' म्हणून दिलेला फोन चालत नाही. ही पळवाट सगळ्यात जास्त वापरली जाते. आईवडील विभक्त असतील आणि ताब्याबद्दल कोर्टाचा आदेश असेल, तर त्याची प्रत कार्यालयात राहील. अधिकाऱ्याला फक्त कोणाकडे सोडायचं एवढंच कळवायचं. घरचे तपशील फाटकावर चर्चेला नकोत.

उशीर झालेल्या मुलांचा नियम पालकांना लेखी द्या. शाळा सुटल्यावर २० मिनिटांनी मूल कार्यालयाच्या व्हरांड्यात, शिक्षिकेच्या नजरेसमोर बसेल. अधिकाऱ्याबरोबर एकटं नाही, तो कितीही चांगला असला तरी.

दोन सत्रांच्या शाळेत एकच माणूस बारा तास ठेवण्याची युक्ती स्वस्त वाटते. सकाळची मुलं बाहेर आणि दुपारची आत, हा अर्धा-पाऊण तास सगळ्यात गोंधळाचा, आणि नेमका त्याच सुमारास सकाळपासून उभा असलेला माणूस डबा खायला बसतो. आठ-आठ तासांचे दोघे घ्या, त्यांच्या वेळा या अर्ध्या तासात एकमेकांवर येतील अशा लावा, आणि एक तरी बाई असू द्या. शासन निर्णयही लहान मुलांसाठी महिला कर्मचाऱ्यांना प्राधान्य द्यायला सांगतो.

बदली माणूस हे या सेवेचं सगळ्यात कच्चं अंग. नेहमीचा रजेवर गेला की एजन्सी सकाळी साडेसहाला कोणालाही पाठवते. त्याला ना मुलं ओळखत ना तो कार्ड. करारात दोन ठरलेल्या बदली माणसांची नावं घाला, त्यांचीही पडताळणी करून घ्या आणि वर्गातली ओळख त्यांचीही करून द्या. दोघांपैकी कोणीच नसेल त्या दिवशी फाटकावर शिपाई आणि एक शिक्षक उभे राहतील, अनोळखी गार्ड नाही.

करारात आणखी एक कलम हवंच. मुलाबाबत लैंगिक छळाचा संशय आला तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी एजन्सीच्या सुपरवायझरला कळवावे' असं छापील कलम असेल तर ते खोडा. ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०९८ (चाइल्डलाइन) हे नंबर अधिकाऱ्याच्या ओळखपत्रामागे आणि मुलांच्या डायरीत दोन्हीकडे छापा. शासन निर्णयाप्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांत कळवायचं असतं, पण ते पोलिसांना कळवण्याच्या बदल्यात नव्हे.

घ्यावी का ही सेवा? दीडशेच्या वर मुलं आणि रस्त्याला लागून फाटक असेल तर घ्या, पण वरची ओळख-सत्रं, बदली माणसं आणि पॉक्सोचं कलम लेखी असेल तरच. एजन्सी ती लिहून द्यायला तयार नसेल, तर साधा गार्ड घ्या आणि ओळखीचं काम शाळेने स्वतः करा. वाचलेल्या पैशांत दुसरी लेडी गार्ड बसते.

अधिकारी बदलला किंवा काढला की त्याच दिवशी पालकांना कळवा आणि वर्गात सांगा: 'ते काका आता शाळेत नाहीत, बाहेर भेटले तरी त्यांच्याबरोबर जायचं नाही.' ओळखपत्र आणि शर्ट जमा करून घेतल्याशिवाय एजन्सीचं शेवटचं बिल सोडू नका.