आठ महिने बसून पाहिलं: 'भावी' बाकडं, सिमेंटचं, तिघांचं

आधीच सांगतो, हे बाकडं मी विकत घेतलेलं नाही, मागितलेलं नाही आणि ते ठेवण्यापूर्वी मला कुणी विचारलेलंही नाही. २०२५च्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या रात्री साडेदहाला कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर टेम्पो थांबला. चार पोरांनी 'हळू, हळू' ओरडत ते उतरवलं, पाचव्यानं मोबाइलवर शूटिंग केलं. सकाळी दारात उटण्याची पुडी, मोती साबण, दोन पणत्या आणि हे सगळं पाठवणाऱ्या इच्छुक उमेदवाराच्या चेहऱ्याचं शुभेच्छापत्र. म्हणजे बाकडं हे दिवाळी किटचाच भाग होतं, फक्त जिन्यावरून वर आणता आलं नाही.

पाठीवर लाल ऑइलपेंटमध्ये मजकूर: 'भावी नगरसेवक', खाली माननीयांचं नाव, त्याखाली 'यांच्या संकल्पनेतून'. बाकड्यात संकल्पना काय असते, हे आठ महिने त्यावर बसूनही मला कळलेलं नाही. बूड टेकायला सपाट जागा हवी, ही कल्पना माकडालाही सुचते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आमच्या पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत १४ मार्च २०२२ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आले. पुढची पावणेचार वर्षं नगरसेवकच नव्हते, तर त्यांची 'स' यादी, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी, कुठून असणार? पुण्यात बाकडी, कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्या उगवतात त्या या 'स' यादीतून. पैसे आपल्या मिळकतकराचे, नाव त्यांचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तर बाकडी मोजून निवडणुकांचा इतिहास सांगता येतो. २००७मध्ये वॉर्डातून एकच निवडून यायचा, तेव्हाचं एक बाकडं, अजून धडधाकट. २०१२ला प्रभाग दोघांचा झाला, दोन आली. २०१७ला चौघांचा, मग चार आली आणि फुटपाथवर चालायला जागा उरली नाही. हे 'भावी' बाकडं मात्र स्वखर्चाचं. त्यामुळे दर्जा बरा असेल, असं मला उगाचच वाटलं होतं.

आता प्रत्यक्ष वापर.

पहिली अडचण दिशेची. मजकूर रस्त्यावरून दिसायला हवा, म्हणून बाकड्याची पाठ रस्त्याकडे आणि तोंड आमच्या कंपाउंडच्या भिंतीकडे. भिंत आणि बाकडं यांत अंतर दीड फूट. बसलं की गुडघे भिंतीला आणि डोळ्यांसमोर आमच्याच सोसायटीची पाटी, 'येथे वाहने लावू नयेत. लावल्यास हवा सोडली जाईल.' ती पाटी मीच लिहिलेली, पण रोज संध्याकाळी तासभर वाचावी इतकी काही ती चांगली नाही. चौथ्या दिवशी आम्ही तिघा निवृत्तांनी वॉचमनला हाताशी धरून बाकडं फिरवलं. माझी कंबर तीन दिवस धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ते पुन्हा मूळ दिशेला! कार्यकर्ते पहाटे येऊन फिरवून गेले होते. नंतर असं आणखी दोनदा झालं. पहाटे पाचला उठून आमच्या गल्लीत कुणी काही काम केल्याची तेवढीच नोंद आहे.

हा प्रश्न शेवटी निवडणूक आयोगानं सोडवला. १५ डिसेंबरला आचारसंहिता लागली आणि दोन दिवसांत खळीचा डबा घेऊन माणूस आला. त्यानं पाठीच्या दोन्ही बाजूंना वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. नावच झाकलं गेल्यावर बाकडं कुठे तोंड करून आहे, याची कुणाला फिकीर उरली नाही. आम्ही ते फिरवलं, ते आजतागायत तसंच आहे. आता मोठ्या अक्षरातलं नाव भिंत वाचते.

पण त्या माणसानं पुढच्या बाजूचा कागद अर्धाच चिकटवला होता. जानेवारीत धुकं पडलं, कागद सुटला, आणि १५ जानेवारीला मतदानाला जाताना पांढरा सदरा घालून मी दोन मिनिटं टेकलो, ती चूक झाली. पुढच्या बाजूची अक्षरं सिमेंटमध्ये उठावाची आहेत. त्यांवरचा रंग दवानं ओलसर होऊन सदऱ्यावर उमटला. केंद्रावर कुणी काही बोललं नाही. घरी आल्यावर हिनं पाठ पाहिली, आरशासमोर उभं केलं आणि सरळ वाचून दाखवलं, 'भावी'. बहात्तराव्या वर्षी! त्या दिवशी बोटावर नेहमीच्या शाईऐवजी मार्कर पेन लावत होते आणि ती खूण पुसली जाते की नाही, यावर टीव्हीवर दिवसभर भांडण चाललं होतं. माझ्या बोटावरची खूण कधी गेली, लक्षातही नाही. सदऱ्यावरचा 'भावी' रॉकेल, लिंबू, सोडा सगळ्यांना पुरून उरला. तो सदरा आता पोछ्याला आहे.

मतदानाचंही एक सांगायलाच हवं. प्रभाग चौघांचा, म्हणून मतं चार. अ, ब, क, ड. चार वेळा बटण दाबायचं. आमच्या तळमजल्यावरच्या आजी दोन दाबून निघाल्या होत्या, 'मला दोघंच माहिती आहेत' म्हणून. त्यांना परत बोलावलं. मला त्यांचं म्हणणं अगदी पटलं होतं.

आमचे भावी पडले. त्याआधी तिकीट कापलं गेलं, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्यांनी पक्ष बदलला, गळ्यातला रंग बदलला. बाकड्याचा रंग बदलायला वेळ मिळाला नसावा.

आता मजबुती. फेब्रुवारीत गल्लीतल्या पोरांचा सीझन बॉल बाकड्याच्या उजव्या कोपऱ्याला लागला आणि वीतभर तुकडा निघून आला. आतून गंजलेला गज दिसतो, तोही करंगळीएवढा. इथे मला चांदणी चौकातला जुना पूल आठवतो. २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री सहाशे किलो स्फोटकं लावून तो उडवला, धुरळा बसला आणि बघतात तर पूल जागच्या जागी! उरलेला शेवटी पोकलेननं पाडावा लागला. पाडायला घेतलेलं पडत नाही आणि बसायला ठेवलेलं टिकत नाही, असा आमचा अनुभव.

पाय हा वेगळाच विषय. बाकडं जमिनीत रोवलेलं नाही, पेव्हर ब्लॉकवर नुसतं ठेवलंय. पेव्हर ब्लॉक नोव्हेंबरात केबलसाठी उचकटले, डिसेंबरात बसवले, मार्चमध्ये पाण्याच्या लाइनसाठी पुन्हा उचकटले आणि यंदा बसवताना त्यातले बरेचसे कुठे गेले ते देव जाणे. परिणामी बाकडं डुलतं. डावीकडचा उठला की उजवीकडचा खाली जातो. बँकेतून निवृत्त झालेले आमचे मित्र वजनानं भारी, ते उठताना मी दोन्ही हातांनी कडा धरतो. यावर उपाय मी शोधला. पायाखाली पाचर म्हणून आधी एका उमेदवाराचा वचननामा घडी घालून घातला, तो पहिल्याच वळवाच्या पावसात लगदा झाला. मग एका माजींचा कार्यअहवाल घातला. आर्ट पेपर, रंगीत, बत्तीस पानं. तो एप्रिलपासून टिकून आहे. कार्यअहवालाचा मी पाहिलेला हा पहिला उपयोग, आणि तो मनापासून सुचवतो.

उन्हाळ्यात हे बाकडं संध्याकाळी साडेसातपर्यंत वापरू नये. सिमेंट दिवसभर तापतं आणि मग शांतपणे सोडतं. पावसाळ्यात वापरूच नये, कारण बैठकीला मधोमध खोलगट पन्हळ आहे आणि पाणी जायला भोक नाही. पेपर अंथरून बसायचं म्हटलं तर रविवारची पुरवणी लागते, साध्या दिवसाचा अंक पुरत नाही. लांबी साडेचार फूट. 'तिघांचं' हे पुण्यातल्या रिक्षासारखंच, मधल्याला विचारून ठरवावं.

तरी समोरचा देखावा चांगला आहे, हे मान्य केलं पाहिजे. रस्ता सतत खणलेला असल्यानं करमणूक असते. नोव्हेंबरात केंद्रानं नळस्टॉप, वारजे, माणिकबाग अशा मेट्रोला मंजुरी दिली, त्या संध्याकाळी बाकड्यावर मोठी सभा झाली. बँकवाले म्हणाले, फ्लॅटचे भाव वाढतील. मी म्हणालो, विद्यापीठ चौकातला पूल २०२०मध्ये मेट्रोसाठी पाडला, तिथल्या नव्या दुमजली पुलाची पहिली बाजू सुरू व्हायला २०२५चा ऑगस्ट उजाडला. भाव वाढतील तेव्हा फ्लॅट कोणाच्या नावावर असेल, तेवढं आजच मृत्युपत्रात लिहून ठेवा. ते दोन दिवस बोलले नाहीत.

विक्रीपश्चात सेवेबद्दल. तुटलेला कोपरा आणि बाहेर आलेला गज यांबद्दल क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, 'हे बाकडं आमच्या यादीत नाही. म्हणजे ते तिथं नाहीच.' मग फोटो दाखवला. म्हणाले, 'आहे म्हणता, तर मग ते अतिक्रमण आहे, उचलावं लागेल.' मी अर्ज परत घेतला. निवडून आलेल्या चौघांपैकी जे एक फोन उचलतात, ते म्हणाले, 'काका, त्यावर त्यांचं नाव आहे. मी दुरुस्त केलं तर त्यांचा प्रचार होईल.' भावींच्या जनसंपर्क कार्यालयात गेलो, तर तिथं आता मोमोचं दुकान. तक्रारीच्या अॅपवर गजाचा फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' गज होता तिथेच आहे. त्यावर मीच एक जुना टेनिस बॉल खोचून ठेवलाय, पोरांचाच.

एकूण पाचपैकी दोन तारे. त्यातला एक वरच्या कडुनिंबाचा आहे, तो बाकड्याच्या आधीपासून तिथं आहे आणि त्याच्यावर कुणाचं नाव नाही.

हे सगळं लिहून झालं होतं, पण काल एक भर पडली. दुपारी दोन पोरं रंगाचा डबा घेऊन आली आणि पुढच्या बाजूची उठावाची अक्षरं पुन्हा लाल रंगवू लागली. मी विचारलं, 'अरे, ते पडले ना? आता 'भावी' कशाला?' त्यातला एक म्हणाला, 'आजोबा, पडले म्हणूनच तर भावी.' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाताना म्हणाला, 'हवा दमट आहे, उद्यापर्यंत टेकू नका.'

संध्याकाळी मी भिंतीशी उभा होतो, तेवढ्यात गाडी थांबली आणि स्वतः माननीय उतरले. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुर्ता. हात जोडले. 'काका, तब्येत काय म्हणते? बाकडं कसंय आपलं? वाढदिवस आहे पुढच्या आठवड्यात, म्हटलं एक चक्कर मारावी.' आणि ऐसपैस मागे रेलून बसले.

बँकवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

दहा मिनिटं बसले. रस्त्याची खोदाई पाहून च्च च्च केलं, आमच्याबरोबर एक सेल्फी काढला, 'काही लागलं तर हक्कानं सांगा' म्हणाले, आणि पाठीवर उलटा 'भावी' घेऊन कोपऱ्यावरच्या अमृततुल्याकडे चालत गेले.