बिझटॉक सर्व्हर २०२०: कंपन्या-कंपन्यांमधले व्यवहार जोडणाऱ्या साधनाचे परीक्षण

दोन कंपन्यांचे कामकाज जोडणारे सॉफ्टवेअर पारखताना ते किती वेगाने संदेश पोहोचवते, हे सहसा आधी पाहिले जाते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: समोरच्या कंपनीचे उत्तर वेळेत आलेच नाही, तर ते सॉफ्टवेअर काय करते? मायक्रोसॉफ्टचे बिझटॉक सर्व्हर या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते. त्यामुळे नवे साधन निवडणाऱ्यांनीही त्याची रचना नीट समजून घ्यावी, असे मला वाटते.

हे उत्पादन २००० साली पहिल्यांदा बाजारात आले. बाहेरून आलेला संदेश पाइपलाइनमध्ये, म्हणजे त्यावर क्रमाने होणाऱ्या कामांच्या साखळीत, उलगडला जातो, बहुधा एक्सएमएल (खुणांनी बांधलेला मजकूर) रूपात येतो आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरील मेसेज बॉक्स या संदेशांच्या साठ्यात ठेवला जातो. ज्या प्रक्रियेने तशा संदेशासाठी नोंदणी केली आहे, तिच्याकडे तो पुढे जातो. एक ग्राहक एडिफॅक्टमध्ये आणि दुसरा एक्स१२ मध्ये (ही दोन्ही व्यापारी संदेशांची प्रमाणित रूपे आहेत) ऑर्डर पाठवत असला, तरी दोन्ही मॅपमधून, म्हणजे एक रचना दुसरीत बदलणाऱ्या नियमांमधून, एकाच अंतर्गत रचनेत आणता येतात. ग्राहकाची रचना मॅपच्या पलीकडे जाऊ न देणे ही शिस्त मात्र डिझाइन करणाऱ्यानेच पाळावी लागते, कारण ती मोडली तरी साधन त्याला अडवत नाही.

या साधनाची खरी गुणवत्ता मला पोचपावत्यांच्या हाताळणीत दिसते. एएस२ (इंटरनेटवरून व्यापारी फाइली सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत) मार्गाने आलेल्या फाइलीला एमडीएन ही पोहोच पाठवली जाते. स्वाक्षरीसह असल्यास फाइल अखंड पोहोचल्याचा तो पुरावा असतो. एक्स१२ मधील ९९७ हा संदेश फक्त मजकुराची मांडणी नियमांनुसार आहे की नाही, एवढेच कळवतो. ऑर्डर स्वीकारली की नाही, हे एक्स१२ मधीलच ८५५ या संदेशातून कळते. पहिल्या दोन पोचपावत्या बिझटॉक पार्टनरबरोबरच्या, म्हणजे समोरच्या कंपनीबरोबरच्या, अ‍ॅग्रीमेंटमधील सेटिंगनुसार स्वतःच तयार करते. तिसरी मात्र धंद्याचा निर्णय असल्यामुळे ती विक्रेत्याच्या यंत्रणेतूनच यावी लागते. ही विभागणी मला अतिशय योग्य वाटते. ९९७ आली म्हणजे ऑर्डर पक्की झाली, असे गृहीत धरून रचलेली प्रक्रिया खरेदीदाराला न मिळणाऱ्या मालाची वाट पाहायला लावते.

उत्तराची वाट पाहण्याचे काम ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे बिझटॉकमध्ये टप्प्याटप्प्याने आखलेली प्रक्रिया, करते. ऑर्डर पाठवल्यावर प्रक्रिया उत्तर किंवा ठरवलेली मुदत, यांपैकी जे आधी येईल त्यासाठी थांबते; थांबलेली असताना तिची स्थिती डेटाबेसमध्ये जाते आणि स्मृती मोकळी होते. अनेक दिवसांनी उत्तर आले, तरी ऑर्डर क्रमांकासारख्या खुणेवरून ते नेमक्या त्याच प्रक्रियेशी जोडले जाते. दोन कंपन्यांच्या डेटाबेसवर एकच ट्रान्झॅक्शन (सगळे पूर्ण होईल किंवा सगळे रद्द होईल असा बदलांचा गट) चालवणे व्यवहारात शक्य नसते, कारण आपल्या नोंदी परक्याच्या उत्तरासाठी अडकवून ठेवायला कोणतीही कंपनी तयार होणार नाही. म्हणून झालेले काम उलट्या नोंदीने किंवा रद्द करण्याच्या संदेशाने मागे घेण्याची सोय लागते, आणि ती येथे रचनेतच आहे.

उणिवाही किरकोळ नाहीत. अर्ध्यावर थांबलेल्या प्रक्रिया जुन्या आवृत्तीला बांधलेल्या असतात, त्यामुळे बदल करायचा तर दोन आवृत्त्या काही काळ शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात. मेसेज बॉक्स मूळ सेटिंगनुसार कमाल ५०० मिलीसेकंदांच्या अंतराने तपासला जातो; तत्काळ उत्तर हवे असेल तेथे हा उशीर जाणवतो. नव्या पार्टनरसाठी नवा मॅप लागला की काम पुन्हा डेव्हलपरकडेच जाते. अ‍ॅडमिन कन्सोल अडकलेला संदेश दाखवतो, पण कोणत्या ग्राहकाची कोणती ऑर्डर अडली, हे खरेदी-विक्री विभागाला समजेल अशा भाषेत दाखवायचे तर बीएएमची (धंद्याच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या बिझटॉकमधील सोयीची) आखणी वेगळी करावी लागते. ती सुरुवातीलाच केली पाहिजे.

२०२० ही या उत्पादनाची शेवटची आवृत्ती आहे. तिचा मुख्य आधार (मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट) एप्रिल २०२८ पर्यंत आणि वाढीव आधार एप्रिल २०३० पर्यंत आहे, म्हणून नव्या प्रकल्पासाठी मी तिची शिफारस करणार नाही. मायक्रोसॉफ्टने सुचवलेला मार्ग अ‍ॅझ्युर लॉजिक अ‍ॅप्स या तिच्या क्लाउड सेवेचा आहे. तेथे स्कीमा (संदेशाच्या रचनेचे वर्णन) आणि एक्सएसएलटी (एक्सएमएलची रचना बदलणारी भाषा) रूपातील मॅप बरेचसे नेता येतात, पण ऑर्केस्ट्रेशन नव्याने आखावी लागतात. त्यातच एका रनची, म्हणजे प्रक्रियेच्या एका फेरीची, मूळ मर्यादा ९० दिवसांची आहे. ज्यांचे करार त्याहून अधिक काळ उत्तराची वाट पाहतात, त्यांनी स्थलांतराची सुरुवात मॅपपासून न करता अशा प्रक्रियांची यादी करण्यापासून करावी.